लोकनायक बापूजी अणे यांचा उत्तरकाल

थोर पुरुषाचे चरित्र सांगताना त्याच्या भरभराटीच्या काळाकडेच लक्ष देण्याची आपल्याकडे चाल आहे. जन्म, शिक्षण, अधिकार, मानमरातब यांचे सविस्तर वर्णन होते. आणि अधिकारपद सुटल्यानंतरची दहा-पंधरा वर्षे, पुढे ते निवृत्त होऊन कालवश झाले, एवढ्या एका वाक्यात आटोपली जातात. जणू काय पेन्शनचा पहिला हप्ता हाती पडला की माणसाचे जगणे संपले आणि केवळ श्वासोच्छ्वास उरला! आमच्या मते ही चाल न्याय्य नाही. नोकरीत अथवा अधिकारावर असताना मनुष्याचा वेळ बव्हंशी दुसऱ्याच्या ताब्यात असतो. तो कामसू आहे की आळशी, हे घड्याळ, हजेरीपट आणि वरिष्ठांची नजर ठरवीत असतात. ही सारी दूर झाल्यावर तो आपल्या वेळेचे काय करतो, यावरूनच त्याची खरी पारख व्हावयाची.

हा विषय आपल्या धर्मग्रामाला परका नाही. रविवारच्या मिस्सेला पुढील बाकांवर बसणारी कितीतरी मंडळी शाळेतून, रेल्वेतून, इस्पितळातून अथवा सरकारी कचेरीतून सेवा संपवून घरी आलेली आहेत. तीस-पस्तीस वर्षे ठराविक वेळी डबा घेऊन बाहेर पडणाऱ्या गृहस्थाला एके दिवशी सकाळी कोठेच जावयाचे नसते. पहिला महिना सुखाचा जातो. दुसऱ्या महिन्यात वर्तमानपत्र दोनदा वाचून होते. आणि तिसऱ्या महिन्यात, आपण घरात अडगळ तर झालो नाही ना, ही शंका मनास कुरतडू लागते. अशा वडीलधाऱ्या मंडळींस उपयोगी पडेल असे एक चरित्र ह्या महोत्सवी अंकासाठी आम्ही निवडले आहे. चरित्रनायक आपल्या धर्माचे नव्हते, पण आपल्या मातीचे होते. वऱ्हाडात त्यांचे नाव ठाऊक नाही असे घर क्वचितच सापडेल. तथापि त्यांच्या आयुष्याचा जो भाग आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटतो, तोच लोकांस सर्वांत कमी ठाऊक आहे.

माधव श्रीहरी अणे, लोकांचे बापूजी, यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे झाला. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात त्यांचे उच्च शिक्षण झाले. त्यानंतर त्यांनी पहिली चाकरी धरली ती आपल्या अमरावतीत, आणि तीही शिक्षकाची. १९०४ पासून सुमारे तीन वर्षे ते येथील काशीबाई प्रायव्हेट हायस्कुलात मुलांस शिकवीत होते. पुढे कायद्याची परीक्षा उतरून त्यांनी १९०८ साली यवतमाळास वकिली सुरू केली. लहानपणापासूनचा संस्कृताचा व्यासंग त्यांनी वकिलीच्या धबडग्यातही सुटू दिला नाही. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे साठ वर्षांच्या शेवटी तीच त्यांच्या कामी आली.

त्या काळचे वऱ्हाड म्हणजे लोकमान्य टिळकांचा बालेकिल्ला. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे हे लोकमान्यांचे उजवे हात; १९०८ साली लोकमान्यांस शिक्षा झाल्यावर त्यांच्या बाजूने खटपट करण्यासाठी ते विलायतेस गेले होते. ह्या वातावरणात तरुण बापूजी लोकमान्यांचे अनुयायी झाले आणि होमरूलच्या चळवळीत त्यांनी हिरिरीने भाग घेतला. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य निवर्तले. अनुयायांपैकी कित्येकांनी पुढे निरनिराळ्या वाटा धरल्या. बापूजींनीही काळाबरोबर गांधीजींच्या चळवळीत उडी घेतली. तरी गुरूचे ऋण त्यांच्या मनातून पुसले गेले नाही.

पुढील तीस वर्षांचा वृत्तान्त फार मोठा आहे आणि तो इतरत्र विपुल लिहिला गेला आहे. म्हणून येथे आम्ही तो थोडक्यात सांगतो. अमरावती, अकोला, बुलढाणा आणि यवतमाळ ह्या चार जिल्ह्यांच्या वऱ्हाड प्रांतिक काँग्रेसचे ते १९२१ पासून अध्यक्ष होते. दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात ते अनेकदा निवडून गेले. हिंदुस्थानच्या भावी राज्यघटनेचा आराखडा करण्यासाठी १९२८ साली मोतीलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली जी समिती बसली, तिचे ते सभासद होते. आणि त्याच वर्षी ग्वाल्हेरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षस्थानही त्यांस लाभले. १९३० साली देशभर मिठाचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा वऱ्हाडापुढे एक विचित्र अडचण उभी राहिली. समुद्र शेकडो मैल दूर. मीठ आणावे कोठून? अकोला जिल्ह्यातील दहीहंड्यास खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ तयार करण्यात आले. आणि बापूजींनी त्या वर्षाच्या जुलै महिन्यात पुसदजवळच्या राखीव जंगलात परवान्यावाचून गवत कापून जंगल सत्याग्रह आरंभिला. त्याबद्दल त्यांस कारावास घडला. १९३३ साली काँग्रेसचे हंगामी अध्यक्षपद त्यांजकडे आले. आणि १९३४ साली जातीय निवाड्याच्या प्रश्नावर मतभेद होताच त्यांनी पंडित मालवीयांसह निराळा पक्ष काढला.

१९४१ साली त्यांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात जागा स्वीकारली. काँग्रेस त्या मंडळाबाहेर असताना त्यांनी ती स्वीकारावी, हे जुन्या सहकाऱ्यांपैकी अनेकांस रुचले नाही. परंतु १९४३ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींनी एकवीस दिवसांचे उपोषण मांडले आणि सरकार त्यांस सोडावयास तयार होईना, तेव्हा बापूजींनी होमी मोदी व नलिनीरंजन सरकार यांच्याबरोबर त्या अधिकारपदाचा राजीनामा दिला. त्यानंतर १९४७ पर्यंत ते सिलोनात हिंदुस्थानचे प्रतिनिधी होते. आणि स्वातंत्र्यानंतर जानेवारी १९४८ पासून जून १९५२ पर्यंत बिहारचे राज्यपाल झाले.

येथवरचे चरित्र सर्वश्रुत आहे. आमचा खरा विषय आता सुरू होतो.

जून १९५२ मध्ये बापूजी पाटण्याच्या राजभवनातून बाहेर पडले, तेव्हा त्यांचे वय बहात्तरीला टेकले होते. राज्यपालाच्या निवृत्तीचे स्वरूप काय असते, ह्याचा वाचकांनी क्षणभर विचार करावा. काल दारावर पहारा होता, भेटीसाठी रांग होती, दिवसाचा प्रत्येक तास सचिवाने आधी लिहून ठेवलेला होता. आज त्यातले काही नाही. ज्या पक्षात तारुण्य खर्ची घातले, त्या पक्षाशी मतभेद होऊन बराच काळ लोटलेला. ज्या परकीय राज्याशी आयुष्यभर झगडले, ते राज्यच नाहीसे झालेले. अशा स्थितीत, आता आपले कार्य आटोपले, असे म्हणून ते स्वस्थ बसले असते, तर त्यांस कोणीही दोष दिला नसता. किंवा, पुष्कळ वृद्ध पुढारी करतात त्याप्रमाणे, जुन्या मतभेदांचा हिशेब चुकता करण्यासाठी आत्मसमर्थनाचा एखादा ग्रंथ त्यांनी लिहिला असता, तरी ते स्वाभाविक मानले गेले असते.

बापूजींनी ह्यांपैकी काही केले नाही. उतारवयात त्यांनी जो ग्रंथ हाती घेतला, तो स्वतःविषयी नव्हता, आपल्या गुरूविषयी होता. आणि तो संस्कृतात होता. लोकमान्य टिळकांचे समग्र चरित्र संस्कृत काव्यात गुंफण्याचा संकल्प त्यांनी केला आणि त्यास नाव दिले ‘तिलकयशोऽर्णव’, म्हणजे टिळकांच्या कीर्तीचा सागर. नावास शोभेल असाच त्याचा विस्तार आहे: श्लोकसंख्या बारा हजारांच्या घरात, आणि छापील खंड तीन.

बारा हजार ही संख्या ऐकून मनुष्य दिपून जातो आणि हे आपल्यासारख्याचे काम नव्हे, असे म्हणून पुस्तक मिटून ठेवतो. म्हणून आम्ही एक साधा हिशेब मांडतो. राज्यपालपद सोडल्यापासून मृत्यूपर्यंत बापूजींस साडेपंधरा वर्षांहून थोडा अधिक अवधी मिळाला. त्याचे दिवस सुमारे पाच हजार सातशे होतात. ह्या दिवसांवर बारा हजार श्लोक सारखे वाटले, तर रोजच्या वाट्याला दोनांहून किंचित अधिक श्लोक येतात. दोन श्लोक! संस्कृतज्ञ मनुष्यास हे एका सकाळचे काम आहे. अर्थात काव्य असे वजन-मापाने होत नाही. काही दिवस दुखण्यात जातात, काही प्रवासात, काही पाहुण्यांत. तरीही ह्या हिशेबातील मर्म खोटे नाही. मोठे काम मोठ्या ताकदीने होते हा आपला समज आहे. वस्तुतः ते बहुधा लहान कामाच्या नित्यतेने होते. वृद्धापकाळी शरीराची ताकद ओसरते, पण नित्यता पाळावयास ताकद लागत नाही, निश्चय लागतो. किंबहुना तरुण माणसास जी कधी मिळत नाही, ती अखंड सकाळ वृद्धास रोज फुकट मिळत असते.

दुसरी गोष्ट पूर्वतयारीची. हा ग्रंथ बहात्तराव्या वर्षी आकाशातून पडला नाही. त्यास लागणारे संस्कृत बापूजींनी विद्यार्थिदशेपासून जवळ बाळगले होते. त्याचा विषय त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. वकिली, तुरुंग, कायदेमंडळ, राजभवन ह्या साऱ्या घाईत जे बाजूस राहिले, ते निवृत्तीने त्यांच्या हाती आणून दिले. निवृत्तीत नवे छंद शोधावे, असा उपदेश हल्ली सर्वत्र ऐकू येतो. तो वाईट नाही. परंतु त्याहून बरा मार्ग हा की, पोटामागे धावताना आपण कोणते काम अर्धवट टाकले होते, कोणाचे ऋण फेडावयाचे राहिले होते, ह्याची आठवण करावी. प्रत्येकाच्या आयुष्यात असे एखादे काम असते. ते सापडले की दिवस कसा घालवावा हा प्रश्न उरत नाही. उलट दिवस पुरत नाहीत.

ह्या बाबतीत बापूजींस गुरूचाच कित्ता उपलब्ध होता. लोकमान्यांस मंडालेच्या तुरुंगात सहा वर्षांची सक्तीची निवृत्ती घडली होती. ती त्यांनी नशिबास दोष देण्यात घालविली नाही. तेथेच त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहून काढले आणि सुटकेनंतर १९१५ साली ते प्रसिद्ध झाले. सक्तीने मिळालेला वेळ गुरूने कामी लावला. वयाने मिळालेला वेळ शिष्याने.

येथे आपल्या वाचकांस एका ख्रिस्ती कवीचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडात जन्मलेले जेझुइट धर्मगुरू १५७९ साली गोव्यास आले. चाळीस वर्षांच्या आपल्या सेवेत त्यांनी येथील भाषा आत्मसात केली, आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली साष्टीतील राचोल येथे छापले गेले, तेव्हा त्यांचे वय सदुसष्टीच्या आसपास होते. तीनच वर्षांनी ते परलोकवासी झाले. धर्मगुरूस पेन्शन नसते, म्हणून त्यांस निवृत्त म्हणता यावयाचे नाही. तरीपण त्यांचे आणि बापूजींचे साम्य मनास भिडते. दोघांनीही आपल्या जन्मभाषेत नव्हे, तर श्रमाने मिळविलेल्या भाषेत लिहिले. दोघांनीही स्वतःची थोरवी न गाता, ज्याच्या चरणी आयुष्य वाहिले त्याचीच गाथा गाइली. आणि दोघांचेही सर्वांत मोठे काम केस पांढरे झाल्यावर जगापुढे आले.

कोणी म्हणेल, बापूजींनी निवृत्तीत एकांत पत्करला आणि ग्रंथ लिहिला. पण समाजाचे काय? ह्या शंकेचे उत्तर त्यांच्या चरित्रातच आहे. १९५९ साली नागपूरच्या पोटनिवडणुकीत ते लोकसभेवर निवडून आले. त्या वेळी ते एकोणऐंशीच्या घरात होते. विदर्भाचे स्वतंत्र राज्य असावे हे त्यांचे मत होते आणि ते त्यांनी उघडपणे मांडले. १ मे १९६० रोजी विदर्भासह महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, म्हणजे त्यांचे म्हणणे मान्य झाले नाही. तरीही १९६२ साली नागपूरच्या मतदारांनी त्यांस पुनः लोकसभेत पाठविले, आणि १९६७ पर्यंत, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षापर्यंत, ते सभागृहाचे सभासद राहिले. त्या मताशी कोणी सहमत असो वा नसो, आम्हांस येथे एवढेच दाखवावयाचे आहे की, एकदा राज्यपालपद भूषविलेला मनुष्य इतक्या वयात मतदारांपुढे साध्या उमेदवाराप्रमाणे उभा राहिला. मोठ्या खुर्चीवरून उतरल्यावर लहान खुर्चीवर बसण्यास पुष्कळांचा अभिमान आड येतो. निवृत्तीत माणसे निकामी होतात, त्यास अशक्तपणापेक्षा हा अभिमानच अधिक वेळा कारण असतो. निवृत्त हेडमास्तरास चार पोरांची शिकवणी कमीपणाची वाटते, निवृत्त अधिकाऱ्यास सोसायटीचा हिशेब लिहिणे हलके वाटते. आणि दोघेही ओट्यावर बसून काळ बिघडल्याची चर्चा करतात.

२६ जानेवारी १९६८ रोजी, प्रजासत्ताकदिनी, बापूजींनी देह ठेविला. त्या वर्षीच्या पद्मविभूषण ह्या किताबाच्या यादीत त्यांचे नाव होते. ‘तिलकयशोऽर्णव’ प्रसिद्ध झाला तो त्यांच्या मृत्यूनंतर. आणि १९७३ साली साहित्य अकादमीने संस्कृत भाषेसाठीचा आपला पुरस्कार ह्या ग्रंथास दिला. तो स्वीकारावयास ग्रंथकार ह्या जगात नव्हते.

वाचकहो, ह्या शेवटच्या गोष्टीपाशी आम्हांस थोडे थांबावेसे वाटते. ज्या भाषेचे वाचक मूठभर, त्या भाषेत, कोणी सांगितले नसताना, वेतन नसताना, एका वृद्धाने बारा हजार श्लोक रचले. आणि छापून पूर्ण झालेला ग्रंथ त्यास पाहावयास मिळाला नाही. तर मग त्याचे श्रम वाया गेले काय? आमच्या मते ह्याच प्रश्नाच्या उत्तरात निवृत्तीचे सारे रहस्य साठविलेले आहे. कमावत्या वयात आपण पेरतो ते कापण्यासाठी. महिनाअखेर पगार, वर्षाअखेर बढती. निवृत्तीत मनुष्यास प्रथमच असे काम करण्याची मोकळीक मिळते की, ज्याचे पीक दुसरा कोणी कापील. आंब्याची कोय लावणाऱ्या आजोबास त्याची फळे चाखावयास मिळतीलच असे नाही. तरी वऱ्हाडातील जुन्या आमराया अशाच आजोबांनी लावलेल्या आहेत. फळाची घाई संपली की हातास एक प्रकारची शांत गती येते. ज्याला ही गती साधली, त्याला वेळ खावयास उठत नाही.

आता कोणी म्हणेल की, ह्या थोरामोठ्यांच्या गोष्टी. आम्ही सामान्य माणसे काय करणार? अमरावतीच्याच दादासाहेब खापर्ड्यांचे एक साधे उदाहरण घ्या. त्यांनी वर्षानुवर्षे नेमाने रोजनिशी लिहिली. दिवस कसा गेला, कोण भेटले, काय बोलणे झाले, ह्याची नोंद करण्यास पांडित्य लागत नाही. पण त्याच रोजनिशा आज दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जतन केलेल्या आहेत आणि त्या काळचा इतिहास लिहिणाऱ्यांस त्या उपयोगी पडतात. रोजनिशी लिहिणाऱ्यास आणखी एक लाभ होतो. रात्री वही उघडून दिवसाचा जमाखर्च मांडावयाचा आहे, हे ठाऊक असले की दिवसा काहीतरी जमा करण्याची बुद्धी होते. आपल्या धर्मातही रात्री निजण्यापूर्वी सदसद्विवेकबुद्धीची तपासणी करण्याची शिकवण आहे. तिच्याशी ही वही चांगली जुळेल.

महोत्सवाच्या ह्या वर्षी आपल्या धर्मग्रामातील वृद्ध मंडळींपुढे असे एक काम वाट पाहत उभे आहे. पहिली मंडळी येथे कोठून आली, पहिले प्रार्थनामंदिर कोणी बांधले, दुष्काळात आणि साथीत कोणी कोणास आधार दिला, नाताळची जुनी गाणी कोणत्या चालीवर म्हणत, ह्यांतील पुष्कळ गोष्टी कोणत्याही दप्तरात नाहीत. त्या केवळ आजी-आजोबांच्या आठवणीत आहेत, आणि अशी प्रत्येक आठवण एका प्रेतयात्रेबरोबर कायमची जाऊ शकते. ज्यांस लिहिता येते त्यांनी रोज एक पान लिहावे. ज्यांची दृष्टी मंद झाली असेल त्यांनी सांगावे आणि नातवंडांनी लिहून घ्यावे. वर्षाअखेर तीनशे पासष्ट पाने होतील. पुढील महोत्सवाची स्मरणिका काढणाऱ्या संपादकांस ती सोन्याच्या मोलाची वाटतील. ते संपादक आज कदाचित पाळण्यात असतील, आणि लिहिणारांपैकी कित्येकांस तो महोत्सव पाहावयास मिळणार नाही. न का मिळेना! बापूजींसही आपला ग्रंथ हाती धरावयास मिळाला नव्हता.

चर्चची घंटा सकाळी वाजते, दुपारी वाजते आणि सायंकाळीही वाजते. सायंकाळची घंटा सकाळच्या घंटेहून कमी पवित्र आहे, असे आपण कधी मानले नाही. आयुष्याच्या सायंकाळीही तोच न्याय लावावा, आणि परमेश्वराने दिलेल्या प्रत्येक तासाचा हिशेब आनंदाने देता येईल अशा रीतीने तो खर्चावा, एवढीच आमची सर्व वडीलधाऱ्यांस नम्र विनंती आहे.